कोपरा दुमडलेलं मत

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला मैत्रीण मिळाली. हे मी जरा ताठ्यानं सांगते, कारण त्या वयात माणसाला चष्मा मिळतो, रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात, सुना-जावई मिळतात; मैत्रीण काही मिळत नाही. शाळेतल्या मैत्रिणी लग्नांमध्ये हरवून गेलेल्या असतात. नंतरच्या ओळखी म्हणजे नवऱ्याच्या मित्रांच्या बायका. त्यांच्यासमोर आपण दोन तास हसतो आणि घरी येऊन गाल चोळत बसतो. त्यातून माझी जीभ तिखट. समोरच्याची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. तेव्हा आपला हा खण रिकामाच राहणार, असं मी धरून चालले होते. तो भरला, आणि भरल्यावर मी जे केलं ते सांगायचं आहे.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. लाँड्री तळघरात आहे. आम्ही एकूण त्रेचाळीस जण: धुणारे, वाळवणारे, इस्त्रीच्या रुळावरचे, गाड्या ढकलणारे आणि आम्ही घडीवाल्या. खाटेच्या मोठ्या चादरीची घडी एकटीला होत नाही. दोन टोकांना दोघी लागतात. ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींपाशी यायचं, कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. एका चादरीत आपण तीनदा समोरासमोर येतो. यंत्रांचा आवाज इतका, की लांबून बोललेलं ऐकू येत नाही. त्यामुळे बोलायचं ते जवळ आल्यावर. अर्धं वाक्य या फेरीत, उरलेलं पुढच्या. आमची अख्खी मैत्री अशी हप्त्याहप्त्यानं झाली.

तिला सगळे मास्तरीण म्हणत. नवरा गेल्यावर ती बरीच वर्षं घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायची. मुलं मोठ्या क्लासांकडे वळली तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास इथं आली. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींना ‘अहो’ म्हणत होतो. मग एकदा माझी बाही इस्त्रीच्या रुळाजवळ गेली आणि ती ओरडली, “अगं हात काढ!” हात वाचला आणि ‘अगं’ राहून गेलं. पुढे रविवारी दुपारी ती आमच्याकडे येऊ लागली. आमचे हे दार उघडून नुसतं म्हणायचे, “आलं तुझं दुसरं टोक.” मी तिला माझ्या धाकट्या बहिणीचं भांडण सांगितलं, जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तिनं मला सांगितलं की नवरा गेल्यावर पहिले तीन महिने तिला रडूच आलं नाही, आणि याची तिला अजून लाज वाटते.

आता निवडणुकीचं. आमच्या लाँड्रीतून दर दोन वर्षांनी एक प्रतिनिधी निवडतात. प्रतिनिधी झालेला माणूस तळघरातलं काम सोडून वरच्या कचेरीत बसतो. तिथं त्याला टेबल, खुर्ची आणि खिडकी मिळते, आणि आमच्या तक्रारी व्यवस्थापनापुढे नेणं हे त्याचं काम. मागचा प्रतिनिधी बिनविरोध आला होता आणि दोन वर्षं त्या खुर्चीत शांत झोपला. मला त्याचा असा संताप आला, की मी नियमांची पुस्तिका पाठ केली, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मतपत्रिकेवर शेवटची एक ओळ घालून घेतली: ‘वरीलपैकी कोणीही नाही’. नुसती ओळ नाही. त्या ओळीला सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द, जागा सहा महिने रिकामी, आणि पडलेल्या उमेदवारांना फेरनिवडणुकीत उभं राहायला बंदी, हेही मीच लिहून घेतलं. दात नसलेला नियम काय कामाचा, असं मी भर सभेत म्हणाले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हापासून माझं नाव पडलं कलमबाई.

मास्तरणीला उभी मीच केली. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मला महिना लागला. ती नको नको म्हणत होती, पण तिच्या मनात एक गोष्ट घट्ट होती. घडीच्या टेबलांपाशी स्टुलं हवीत आणि प्रत्येकीला दर तासाला दहा मिनिटं बसायला मिळायला हवीत. सगळ्यांचेच पाय सुजत होते. तिचे गुडघे तर कामातून गेले होते. डॉक्टरांनी आठ तास उभं राहायला साफ मनाई केली होती. हे फक्त मला माहीत होतं.

“खुर्ची मिळाली तर माझ्याही पायांचं भागेल,” एका फेरीत ती म्हणाली. पुढच्या फेरीत म्हणाली, “पण हे कुणाला बोलू नकोस. लोकांना वाटेल, स्वतःच्या गुडघ्यांसाठी उभी राहिली.”

“उभी बसण्यासाठी राहिलीस, असं म्हणतील,” मी म्हणाले. ती इतकी हसली की चादर जमिनीला टेकली आणि पुन्हा धुवायला टाकावी लागली.

तिच्यासमोर एकच उमेदवार होता, गाड्या ढकलणारा एक जण. तो दर निवडणुकीत पंखे बसवून देईन म्हणायचा, म्हणून त्याला पंखेवाला म्हणत. त्याला पाडणं अवघड नव्हतं. मी दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर जाऊन मास्तरणीसाठी मतं मागितली. अगदी घसा बसेपर्यंत.

मतदान वाळवणीच्या खोलीत होतं. कोपऱ्यात आमचीच एक चादर दोरीवर टाकून आडोसा केला होता. आत एक स्टूल, त्यावर पेन. मी पेन घेतलं. मास्तरणीचं खरं नाव छापलेलं होतं, ते वाचून मला क्षणभर कुणी परकी बाईच आठवली. आणि तेव्हाच पहिल्यांदा मला नीट कळलं की उद्यापासून ती वर बसणार. खाली माझ्या समोरच्या टोकाला दुसरी कुणी असेल. बहुधा ती मान वाकडी करून दिवसभर फोनवर बोलणारी. मी अर्धं वाक्य बोलेन आणि उरलेलं अर्धं ऐकायला समोर कुणी नसेल. मी एक्कावन्न वर्षांची होते. आणखी एक मैत्रीण जमवायला मला पुन्हा सत्तेचाळीस वर्षं लागली असती.

ती निवडून येणारच होती, असं मी मनाशी म्हटलं. माझ्या एका मतानं काय होणार आहे. मला तिला पाडायचं नव्हतं. फक्त कुठेतरी एकदा ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं, तेही कुणाला ऐकू न येता. मी शेवटच्या ओळीपुढे खूण केली, कागदाची घडी केली, तो पेटीत टाकला आणि बाहेर येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

“दिलंस का?” तिनं विचारलं.

“हा काय प्रश्न झाला?” मी म्हणाले. खोटं बोलले नाही, म्हणून त्या वेळी मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

मोजणी दुपारी झाली. कचेरीतला कारकून एकेक कागद उलगडत होता, उमेदवार टेबलापाशी बसले होते आणि आम्ही मागे उभे होतो. मध्येच कारकून थांबला. “या कागदाचा कोपरा कुणी दुमडलाय?” तो म्हणाला. “खूण ठीक आहे, पण हा कोपरा कशाला?”

आमच्याकडे चादर फाटकी निघाली की घडी झाल्यावर तिचा एक कोपरा बाहेर दुमडतात. मग ती वॉर्डात न जाता शिवणखोलीत जाते. हे आम्ही दिवसात वीस-पंचवीस वेळा करतो, डोकं न वापरता. सगळ्या जणी उजवा कोपरा दुमडतात. मी डावखुरी. संबंध लाँड्रीत डावा कोपरा दुमडणारी मी एकटी. कारकुनाच्या हातातल्या कागदाचा डावा कोपरा दुमडलेला होता. माझ्या हातांनी माझ्या मैत्रिणीला फाटक्यात काढलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मास्तरणीनं तो कागद पाहिला. नुसता पाहिला. कारकुनानं तो शेवटच्या ओळीच्या गठ्ठ्यावर ठेवला.

पंखेवाल्याला दहा मतं पडली. मास्तरणीला सोळा. शेवटच्या ओळीला सतरा.

बाकीच्या सोळा जणांनी तसं का केलं, ते मी पुढे पुष्कळ चाचपून पाहिलं. काहींना मास्तरीण फार पुस्तकी वाटायची. काहींचा व्यवस्थापनावर राग होता. आणि काहींनी, नवीन बटण दिसलं की माणूस दाबून पाहतो, तशी नुसती खूण करून पाहिली होती. त्या ओळीचं एवढं कौतुक मीच तर केलं होतं. पण त्यांची गोष्ट वेगळी. गणित मला कळत होतं. माझं एक मत इकडचं तिकडे असतं, तर मास्तरीण सतरा आणि ती ओळ सोळा.

लोक माझ्याभोवती जमले. “कलमबाई, तुमची ओळ जिंकली,” कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातात चहाचा पेला दिला. मी तो प्यायले. त्या चहाची मला अजून शरम वाटते.

मास्तरीण उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, “चल, दोन गाड्या चादरी राहिल्यात.”

त्यानंतर काही बदललं नाही, हेच मला सोसेना. ती रोज समोरच्या टोकाला उभी राही, बोले, हसे. रविवारी येई. तिनं कोपरा ओळखला होता की नव्हता, हे मला कळेना आणि विचारायची छाती होईना. मी आपली पापं मलमानं पुसू लागले. तिच्यासाठी गुडघ्याचं तेल आणलं, पट्टा आणला, तिची गाडी मी ढकलू लागले, घरून डबा तिच्यापुरता जास्त आणू लागले. एकदा ती म्हणाली, “अगं, मी आजारी आहे की तू?” मी हसण्यावारी नेलं. डिसेंबरात तिला जिना चढायला कठड्याचा आधार लागू लागला. पाऊल टाकताना ती ओठ मिटून घ्यायची आणि चादर ताणताना नेमकी ती माझ्या समोर असायची. तोंड फिरवायची सोय नव्हती.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. कशाचीही घाई न करणारा माणूस. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, “तिला सांगितलंस तर तुझं ओझं उतरेल. पण ते जाईल कुठं? तिच्याच डोक्यावर ना?” मला हे फार पटलं. इतकं लगेच पटलं, की त्यातच काहीतरी काळंबेरं असणार हे मला समजायला हवं होतं. मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याला तिची काळजी असं नाव दिलं.

फेरनिवडणूक जवळ आली. ती आणि पंखेवाला दोघंही बाद होते, माझ्याच कलमामुळे. एका सकाळी पहिल्या गाडीवर ती आली तेव्हा तिच्या एप्रनच्या खिशातून एक फॉर्म डोकावत होता. चादर ताणून आम्ही पहिल्यांदा जवळ आलो.

“तू उभी राहा,” ती म्हणाली.

आम्ही मागे गेलो, पुन्हा आलो.

“सूचक म्हणून मी सही केली आहे.”

“मी कशाला?” मी म्हणाले.

ती मागे गेली नाही. चादरीचे चारही कोपरे आपल्या हातात घेऊन तिथंच उभी राहिली. “कारण तुला मी योग्य वाटले नव्हते. म्हणजे योग्य काय असतं, हे तुला ठाऊक असणार.”

“चार वर्षं मी तुझ्यासमोर घड्या घालतेय. मला तुझा कोपरा ओळखू येणार नाही का?” तिच्या आवाजात राग नव्हता. मुलाला गणित समजावतात तसं ती बोलत होती. “पहिले आठ दिवस मला तुझं तोंड बघवत नव्हतं. मग मी म्हटलं, मैत्रीण आहे एवढ्यावरच तिनं मत देऊन टाकलं नाही, हे सोपं नाही. तिला मी कमी वाटले असेन आणि ती स्वतःच्या नियमाला जागली. मी सहा महिने शोधतेय, काय कमी आहे माझ्यात. मी फार समजावून बोलते, लोकांना ते आवडत नाही. मी पटकन नमतं घेते. हो ना? हेच ना?”

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. तिनं माझ्यासाठी कारण तयार ठेवलं होतं, आणि चांगलं, ताठ मानेचं कारण होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कलमबाई तत्त्वाला जागली. मैत्रीही राहिली असती. पण ती सहा महिने स्वतःला उसवून बघत होती, टाका टाका काढून, आणि तिच्यात कुठंच काही फाटलेलं नव्हतं.

“तुझ्यात काही कमी नव्हतं,” मी म्हणाले. “तू वर गेली असतीस म्हणून.”

“म्हणजे?”

“इथं समोर दुसरी कुणी आली असती. मला तू हवी होतीस. मला वाटलं, तू तशीही निवडून येशील.”

तिला समजायला वेळ लागला. यंत्रांचा आवाज चालूच होता. मग तिनं हातातली चादर टेबलावर ठेवली आणि हातानं दाबून सपाट केली, जशी ती रोज करायची.

“माझे गुडघे माहीत असून,” ती म्हणाली.

“हो.”

“तू मला नाकारलं असतंस तर चाललं असतं,” ती म्हणाली. “ते माणूस मनावर घेतो आणि सुधारतो. तू तर मला राखून ठेवलंस. सामानासारखं. एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी कदाचित राहिलेही असते गं.”

ती गाडी आम्ही संपवली. एकशे ऐंशी चादरी. प्रत्येक चादरीला तीनदा समोरासमोर आलो आणि एकदाही बोललो नाही. शेवटी तिनं फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. “भर. तुझ्यासाठी नाही. स्टुलांसाठी. वर भांडायला तुझी जीभ बरी.”

मी निवडून आले. वर खुर्ची आहे, गादी असलेली, आणि खिडकीही आहे. पहिले काही दिवस मी उभ्यानंच काम केलं, पण त्यानं कुणाचे गुडघे बरे होत नाहीत हे लक्षात आल्यावर बसले आणि भांडले. सव्वादोन महिने लागले. खाली बारा स्टुलं आली, दर तासाला दहा मिनिटांचा नियम आला. स्टुलं आली त्या दिवशी मी खाली गेले. मास्तरीण एका स्टुलावर बसलेली होती, पाय पुढे सोडून. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढी. तिच्या समोरच्या टोकाला ती फोनवाली होती.

रविवारी ती येत नव्हती. पहिल्या रविवारी मी दोन कप काढून ठेवले. नंतर काढणं सोडलं. दाराची घंटा वाजली की आमचे हे भिंग काढून दाराकडे बघायचे आणि मग काही न बोलता पुन्हा घड्याळात डोकं घालायचे. अकरा रविवार असे गेले. बाराव्या रविवारी मीच निघाले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, चांगलं मुद्देसूद, आणि तिच्या जिन्यात पोचेपर्यंत त्यातलं एकही वाक्य उरलं नव्हतं.

तिनं दार उघडलं. गुडघ्याला पट्टा होता, मी आणलेला नव्हे, दुसरा. मला बघून ती बाजूला झाली. मी आत गेले. तिच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर वर्तमानपत्रं होती. ती तिनं उचलली नाहीत, म्हणून मी खाटेच्या कडेवर बसले. इथं यंत्रांचा आवाज नव्हता. इतकं शांत असताना मी तिच्यासोबत कधी बसलेच नव्हते. रविवारी आमच्याकडे ह्यांची घड्याळं तरी टिकटिकत असायची.

“माफ कर, असं म्हणायला आले होते,” मी म्हणाले. “पण ते फार स्वस्त वाटतंय.”

“स्वस्तच आहे,” ती म्हणाली.

ती उठली, कठीण जात होतं तरी उठली, आणि चहाचं पाणी ठेवायला गेली. मी मदतीला उठले तेव्हा तिनं हातानं मला खाली बसवलं. चहा आणून तिनं माझ्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“तू आलीस म्हणून माझा राग गेला, असं समजू नकोस,” ती म्हणाली.

“नाही समजत.”

ती तिचा चहा फुंकत राहिली. मग कपाकडेच बघत म्हणाली, “आणि राग गेला नाही म्हणून येणं बंद करू नकोस.”